बंदोबस्त कोणाच्या दारात? वेम्ब्ली स्टेडियम आणि भोवतालची वस्ती : एक प्रकरण अभ्यास

उत्तर-पश्चिम लंडनमधील ब्रेंट या बरोची, म्हणजे शहराच्या स्थानिक प्रशासकीय विभागाची, लोकसंख्या २०२१च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख ४० हजार आहे, आणि याच बरोमधल्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये ९० हजार प्रेक्षक बसतात. स्टेडियम भरते त्या दिवशी बरोच्या लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाहून जास्त माणसे बाहेरून येतात, काही तास थांबतात आणि मध्यरात्रीच्या आत बहुतेक सगळी निघून जातात. स्टेडियम आले की आसपास गुन्हे वाढतात का, हा प्रश्न कुठेही नवे स्टेडियम उभे राहू लागले की रहिवासी विचारतात, आणि बांधणारे त्याला रोजगार, नवी घरे आणि उजळलेले रस्ते अशी उत्तरे देतात. दोन्ही पक्ष इमारतीबद्दल बोलत असतात. वेम्ब्लीचा इतिहास पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की इमारतीपेक्षा तिचे वेळापत्रक महत्त्वाचे आहे, आणि वेळापत्रकापेक्षाही त्या दिवशी पोलीस बंदोबस्त नेमका कोणाच्या दारात उभा असतो ही गोष्ट.

अभ्यासासाठी वेम्ब्ली निवडण्याला कारण आहे. इथे शंभर वर्षांपासून स्टेडियम आहे. मध्ये साडेसहा वर्षे ते बंद होते आणि जुने पाडून नवे बांधले गेले. इथल्या गुन्ह्यांवर संशोधन झाले आहे. आणि इथे बंदोबस्त पूर्णपणे कोलमडला त्या दिवसाची स्वतंत्र चौकशी होऊन तिचा अहवाल सर्वांसाठी खुला झाला आहे. एवढी सामग्री एकाच मैदानाबद्दल क्वचितच मिळते.

जागा

वेम्ब्ली पार्क स्थानकातून बाहेर पडले की समोर रुंद जिना उतरतो आणि तिथून एक सरळ पादचारी रस्ता स्टेडियमच्या पायथ्याशी जाऊन भिडतो. हा ऑलिम्पिक वे. १९४८च्या ऑलिम्पिकसाठी तो जर्मन युद्धकैद्यांच्या श्रमातून तयार झाला. जुने लोक त्याला आजही वेम्ब्ली वे म्हणतात. रस्त्याच्या टोकाशी १३३ मीटर उंचीची पांढरी कमान दिसते. जुने, दोन मनोऱ्यांचे स्टेडियम २००० साली बंद झाले, पुढे पाडले गेले आणि नवे २००७ मध्ये उघडले. तोवर भोवताली मोठमोठे वाहनतळ आणि गोदामांच्या शेड होत्या. त्यांच्या जागी आता उंच निवासी इमारती आहेत, २०१३ साली सुरू झालेले खरेदी संकुल आहे आणि त्याच वर्षी खुली झालेली ब्रेंट परिषदेची, म्हणजे बरोच्या स्थानिक प्रशासनाची, नवी इमारत आहे.

या नव्या वसाहतीच्या पलीकडे, नैऋत्येला, जुने वेम्ब्ली आहे : हाय रोड, आणि साड्या, सोने, मिठाई व भाजीच्या दुकानांनी भरलेला ईलिंग रोड. इथली वस्ती प्रामुख्याने गुजराती आणि तमिळ. मराठी माणसाचा संबंध थोडा पूर्वेला, पण याच बरोमध्ये येतो. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिलमध्ये आहे, आणि भुयारी रेल्वेच्या ज्युबिली मार्गावर वेम्ब्ली पार्कनंतरचे दुसरे स्थानक डॉलिस हिल. सामन्याच्या दिवशी त्या बाजूने मंडळाच्या कार्यक्रमाला निघालेला माणूस गळ्यात संघाचे मफलर गुंडाळलेल्या गर्दीच्या खांद्याला खांदा लावूनच प्रवास करतो, आणि डब्यात पाकीट पुढच्या खिशात घ्यायचे हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

या जागेवरची पहिली मोठी घटना स्टेडियम उघडले त्याच दिवशी घडली. २८ एप्रिल १९२३ रोजी बोल्टन वाँडरर्स आणि वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबांमध्ये एफए चषकाचा अंतिम सामना होता. प्रवेश केवळ आगाऊ तिकिटांवर नव्हता. अधिकृत नोंद १ लाख २६ हजार ४७ प्रेक्षकांची आहे. प्रत्यक्षात दोन लाखांहून अधिक लोक आत आले असावेत असा अंदाज केला जातो. भिंती चढून, फाटके ढकलून लोक आले आणि खुद्द मैदानच माणसांनी भरून गेले. घोडेस्वार पोलिसांनी, त्यांत बिली नावाच्या पांढऱ्या घोड्यावरच्या जॉर्ज स्कोरी या शिपायाने, गर्दी हळूहळू रेषेबाहेर सारली आणि सामना सुमारे पाऊण तास उशिरा सुरू झाला. आज स्टेडियमजवळच्या पादचारी पुलाला त्या पांढऱ्या घोड्याचे नाव आहे. त्या दिवसाची आठवण इंग्लंडमध्ये कौतुकाने काढली जाते, आणि त्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते : हजारो लोक पैसे न देता, अडथळे मोडून आत घुसले, आणि त्याकडे कोणी गुन्हा म्हणून पाहिले नाही. पुढच्या वर्षापासून अंतिम सामन्याला तिकीट सक्तीचे झाले, एवढाच त्यातून धडा घेतला गेला. ९८ वर्षांनी तोच प्रश्न त्याच जागेवर पुन्हा उभा राहिला.

सामन्याचा दिवस आणि इतर दिवस

गुन्हेशास्त्रात १९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी मांडलेली एक साधी चौकट आजही वापरली जाते. गुन्हा करू पाहणारा, हाती लागेल असे सावज आणि राखणदाराची गैरहजेरी या तीन गोष्टी एकाच वेळी एकाच ठिकाणी आल्या की गुन्हा घडतो. ब्रँटिंगहॅम दांपत्याने १९९५ साली त्यात जागेचा विचार जोडला. काही जागा दुसऱ्याच कारणासाठी प्रचंड गर्दी जमवतात आणि त्या गर्दीत संधी निर्माण होते. काही जागा संधीसाठीच प्रसिद्ध असतात, म्हणून गुन्हेगार मुद्दाम तिथे जातात. वेम्ब्ली पहिल्या प्रकारात मोडते, पण सराईत खिसेकापू आणि तिकिटांचा काळाबाजार करणारे यांच्या दृष्टीने ते दुसऱ्या प्रकारातलेही आहे.

स्टेडियमचा एक गुण संशोधकाला फार सोयीचा असतो. दारूचे दुकान किंवा स्थानक रोज चालू असते, त्यामुळे त्याचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. स्टेडियम मात्र वर्षातले बरेच दिवस बंद असते. तीच वस्ती, तेच रस्ते, तेच दिवे. फरक एवढाच की आज सामना आहे आणि मागच्या शनिवारी नव्हता. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी वेम्ब्लीच्या बाबतीत हाच फरक वापरून केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. स्टेडियम वापरात असलेल्या दिवशी भोवतालच्या परिसरात चोऱ्या आणि मारहाणीसारखे गुन्हे वाढतात, असे त्यात दिसले. आकडे वाचताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. गुन्ह्यांची संख्या वाढणे आणि माणशी धोका वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरवी जिथे पाच हजार माणसे वावरतात तिथे ९० हजार आली आणि चोऱ्या पाचपट झाल्या, तर परिसर अधिक धोक्याचा झाला असे घाईने म्हणता येत नाही, कारण माणसे अठरापट झालेली असतात. रहिवाशाला या भागाकारात रस नसतो, आणि ते रास्त आहे. त्याची गाडी फुटली की त्याच्यापुरता भाजक एकच असतो.

लंडनमधील फुटबॉल सामने आणि नोंदवलेले गुन्हे यांची सांगड घालणारा दुसरा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याने सामन्याचे परिणाम तीन वाटांनी वेगळे केले : चाहत्यांची गर्दी एका जागी होणे, गुन्हा करू शकणारी काही माणसे सामना पाहण्यात अडकल्यामुळे तेवढा वेळ निष्क्रिय होणे, आणि पोलीस आपल्या नेहमीच्या हद्दीतून उचलून मैदानाकडे नेले जाणे. निष्कर्ष असा निघाला की यजमान भागात मालमत्तेचे गुन्हे वाढतात आणि हिंसक गुन्ह्यांत फरक पडत नाही. त्या वाढीतील मोठा वाटा लेखकाने तिसऱ्या कारणाला दिला : दर दहा हजार वाढीव प्रेक्षकांमागे पोलिसांच्या हलवाहलवीमुळे मालमत्तेच्या गुन्ह्यांत सुमारे सात टक्क्यांची भर.

हिंसेबाबत हे दोन अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. त्यात गोंधळून जाण्याचे कारण नाही, कारण दोघांच्या मोजमापाचा पल्ला सारखा नाही. मैदानाच्या लगतचा पट्टा वेगळा काढून पाहिला तर मद्यधुंद हाणामारी दिसते. भिंग मागे घेऊन मोठा भाग पाहिला तर ती इतर ठिकाणच्या शांततेत मिसळून जाते आणि मागे उरते ती चोरी. माझ्या मते दुसऱ्या अभ्यासाचे खरे महत्त्व शहरी धोरणासाठी आहे, कारण तो नजर गर्दीवरून राखणदाराकडे वळवतो. ऑलिम्पिक वेवर पोलिसांची रांग उभी असते तेव्हा ती कुठून तरी आलेली असते. ब्रेंट आता बार्नेट आणि हॅरो या बरोंबरोबर एकाच पोलीस विभागात आहे. मोठ्या सामन्यासाठी लंडनभरातून कुमक येते हे खरे, पण ती ज्या गल्ल्यांतून आली त्या गल्ल्यांत त्या संध्याकाळी गस्त पातळ होते. घरात सोने ठेवणाऱ्या दक्षिण आशियाई कुटुंबांना हेरून होणाऱ्या घरफोड्यांबद्दल लंडनचे पोलीस वेळोवेळी सावध करत आले आहेत. अशा वस्तीत 'आज पोलीस कुठे आहेत' हे सर्वांना ठाऊक असणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे.

सामन्याच्या दिवशी रहिवासी भागात प्रत्यक्ष काय दिसते तेही नोंदवायला हवे. स्टेडियमभोवतीच्या मोठ्या पट्ट्यात 'इव्हेंट डे'चे पार्किंग नियम लागू होतात. रस्त्याच्या तोंडाशी पुढच्या कार्यक्रमाची तारीख लिहिलेला फलक असतो आणि परवाना नसलेल्या गाडीला दंड होतो. काही घरमालक स्वतःच्या दारातली जागा त्या दिवसापुरती भाड्याने देतात. दुपारपासून दोन्ही संघांची मफलरे विकणारे आणि बिनपरवाना सॉसेजच्या गाड्या लावणारे दिसू लागतात. संध्याकाळी कुंपणांच्या आडोशाला लघवी, बागेत फेकलेले डबे, आरडाओरडा. यातले बहुतेक गुन्ह्यांच्या नोंदवहीत कधी जात नाही, आणि तरीही स्टेडियमचा त्रास म्हणजे काय असे विचारले तर शेजारी आधी हेच सांगतात.

११ जुलै २०२१

करोनामुळे वर्षभर पुढे ढकललेल्या युरो या युरोपीय फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना इंग्लंड आणि इटली यांच्यात रविवारी रात्री आठ वाजता सुरू होणार होता. इंग्लंडचा पुरुष संघ ५५ वर्षांत प्रथमच मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता, आणि १९६६चा तो आधीचा सामनाही वेम्ब्लीतच झाला होता. करोनाच्या निर्बंधांमुळे स्टेडियमच्या क्षमतेपैकी सुमारे एक चतुर्थांश जागा रिकाम्या ठेवायच्या होत्या. ही गोष्ट सगळ्या देशाला माहीत होती, आणि तिकीट नसलेल्यांच्या दृष्टीने तिचा अर्थ एकच होता : आत गेलो तर बसायला जागा आहे.

बॅरोनेस लुईस केसी यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये आला. त्यातला दिवस असा उलगडतो. सकाळपासूनच ऑलिम्पिक वेवर लोक जमू लागले. दारू होती, अमली पदार्थ होते, आणि तिकीट नसलेल्यांना सामना पाहण्यासाठी नेता येईल असे मोठ्या पडद्याचे मैदान जवळपास नव्हते. पोलिसांची मुख्य तुकडी दुपारनंतर तैनात व्हायची होती, तोवर रस्ता गर्दीच्या ताब्यात गेलेला होता. तिकीट आणि करोना प्रमाणपत्र तपासणारी बाहेरची फळी पगारी पण अपुऱ्या अनुभवाच्या मैदान-सेवकांवर, म्हणजे स्टुअर्डांवर, सोपवलेली होती, आणि ती फळी फुटली. आतले वर्तुळ स्टेडियमच्या दारांचे. तिथे अपंग प्रेक्षकांसाठी राखीव फाटके हेरली गेली, कारण ती उघडावीच लागतात. आणि आधी आत शिरलेल्यांनी आतून आपत्कालीन दारे उघडून बाहेरच्या जमावाला वाट दिली. अशा सामूहिक घुसखोरीच्या १७ घटना अहवालाने मोजल्या. सुमारे दोन हजार लोक तिकिटाविना आत पोहोचले आणि त्यांपैकी सुमारे चारशे जणांना बाहेर काढता आले.

अहवालातली सर्वात अस्वस्थ करणारी बाब घडलेल्या गोष्टीची नाही. इंग्लंड पेनल्टींवर हरले. जिंकले असते, तर प्रेक्षकांना बाहेर सोडण्यासाठी दारे उघडताच आत घुसण्याच्या तयारीत सुमारे सहा हजार लोक बाहेर थांबलेले होते, असे अहवाल म्हणतो. आतून येणारी गर्दी आणि बाहेरून घुसणारी गर्दी त्याच दारांत समोरासमोर आली असती. केसी यांनी जीवितहानी थोडक्यात टळल्याचे स्पष्ट लिहिले आहे. फुटबॉलच्या एका पराभवाने माणसे वाचली, असे म्हणावे लागते.

आता गुन्ह्यांच्या नोंदीकडे पाहू. त्या दिवशीच्या अटकांची संख्या पन्नाशीच्या आसपास होती आणि १९ पोलीस जखमी झाले. दोन हजार घुसखोर आणि सुमारे पन्नास अटका यांतल्या तफावतीचे एक कारण गोंधळ हे आहेच, पण दुसरे कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे तिकीट परवानगीविना विकणे १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. सामना चालू असताना मैदानात धाव घेणे १९९१च्या कायद्याने गुन्हा आहे. तिकिटाविना स्टेडियममध्ये शिरणे हा मात्र त्या वेळी स्वतंत्र गुन्हाच नव्हता. दुसऱ्याच्या पाठीला चिकटून फाटक पार करणाऱ्याला पकडून बाहेर काढणे, एवढेच हाती होते. केसी यांनी हे कृत्य गुन्हा ठरवण्याची शिफारस केली. म्हणजे वेम्ब्लीच्या आधुनिक इतिहासातला सर्वात धोकादायक दिवस गुन्ह्यांच्या तक्त्यात एका बऱ्यापैकी गडबडीच्या रविवारसारखा दिसेल. स्टेडियम आणि गुन्हेगारी यांचा संबंध केवळ नोंदवलेल्या गुन्ह्यांवरून ठरवू पाहणाऱ्याने हा तक्ता समोर ठेवावा.

पैसे आणि हद्द

राखणदार कोठे उभा राहतो हे शेवटी त्याचा पगार कोण देतो यावर ठरते. इंग्लंडच्या कायद्यात क्लब किंवा स्टेडियम आपल्या मालकीच्या वा ताब्यातल्या जागेतील बंदोबस्ताचे पैसे पोलिसांना देतो. भोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांचे काय, हा वाद लीड्स युनायटेड आणि वेस्ट यॉर्कशायर पोलीस यांच्यात न्यायालयात गेला आणि २०१३ साली अपील न्यायालयाने क्लबच्या बाजूने निकाल दिला : रस्त्यावर शांतता राखणे हे पोलिसांचे नेहमीचेच काम आहे, त्याचे वेगळे बिल लावता येणार नाही. २०१७ साली इप्सविच टाउनच्या खटल्यातही तोच सूर राहिला. कायद्याचा तर्क समजण्यासारखा आहे. उद्या मंदिराबाहेरच्या किंवा मोर्च्याच्या बंदोबस्ताचेही बिल कोणी काढेल. पण त्याचा परिणाम जमिनीवर एका न दिसणाऱ्या रेषेसारखा उमटतो. रेषेच्या आत आयोजकाच्या पैशातून उभा असलेला पहारा, आणि रेषेबाहेर करदात्याच्या पैशातून जेवढा शक्य तेवढा. ११ जुलैला गर्दी सकाळपासून रेषेबाहेर वाढत गेली, आणि बाहेरचा रस्ता नेमका कोणाच्या जबाबदारीचा यावर फुटबॉल संघटना, पोलीस आणि परिषद यांचे नियोजन अडखळले. अहवालाने हे अपयश सामूहिक म्हटले आहे.

वेळापत्रकाचा भाग इथेच येतो. ब्रेंट परिषदेने नव्या स्टेडियमला परवानगी देताना पूर्ण क्षमतेच्या कार्यक्रमांच्या संख्येवर मर्यादा घातली होती. टॉटनहॅम हॉटस्परचे स्वतःचे मैदान नव्याने बांधले जात असताना तो क्लब २०१७पासून घरचे सामने वेम्ब्लीत खेळू लागला आणि त्यासाठी ही मर्यादा अटींसह सैल केली गेली. रहिवाशांच्या बाजूने पाहिले तर एकही नवी वीट न रचता त्यांच्या दारात स्टेडियम वाढले. एप्रिल २०१९ मध्ये टॉटनहॅम आपल्या नव्या मैदानात गेले, पण जागा संगीताने भरली : २०२४च्या उन्हाळ्यात टेलर स्विफ्टचे आठ कार्यक्रम, २०२५ मध्ये कोल्डप्लेचे दहा आणि ओअॅसिसचे सात. संगीताची गर्दी फुटबॉलसारखी नसते. तिच्यात दोन बाजू नसतात, त्यामुळे मारामारीची शक्यता कमी; पण खिशातले फोन तेवढेच, आणि गाण्याच्या नादात हात वर असलेल्या माणसाचा खिसा मोकळाच असतो. कार्यक्रमांच्या संख्येवरच्या सुनावणीत पोलिसांच्या उपलब्धतेचा हिशेब वाहतूक आणि कचऱ्याच्या हिशेबाइतकाच तपशिलात मांडला गेला पाहिजे, असे माझे मत आहे.

पुढची तीन वर्षे

युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने ऑक्टोबर २०२१ मध्ये इंग्लंडला एक लाख युरोंचा दंड केला आणि दोन सामने प्रेक्षकांविना खेळण्याची शिक्षा दिली, त्यांपैकी एक स्थगित. योगायोग असा की तो प्रेक्षकहीन सामना जून २०२२ मध्ये इटलीविरुद्धच झाला, पण वेम्ब्लीत नव्हे, वुल्व्हरहॅम्प्टनच्या मैदानावर.

१ जून २०२४ रोजी रियाल माद्रिद आणि बोरुसिया डॉर्टमुंड यांच्यातला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना वेम्ब्लीत झाला. त्याआधी दारे आणि कुंपणे मजबूत करण्यासह सुरक्षेवर सुमारे ५० लाख पौंड खर्च झाले होते. त्या रात्रीही लोकांनी तिकिटाविना घुसण्याचा प्रयत्न केला, त्या दिवशी पन्नासहून अधिक जणांना अटक झाली, आणि अटकांत मोठा वाटा घुसखोरीच्या प्रयत्नांचा होता. आकडा जवळपास २०२१ एवढाच. एका वर्षी तो दारे कोसळली त्या दिवसाचा आहे आणि दुसऱ्या वर्षी दारे टिकली त्या दिवसाचा.

ते ५० लाख पौंड दारांवर आणि कुंपणांवर गेले, म्हणजे रेषेच्या आत. ईलिंग रोडच्या मागच्या गल्ल्यांत त्या संध्याकाळी गस्तीवर किती शिपाई होते, हे त्या खर्चाच्या कोणत्याही ओळीत बसत नाही.